तात्यांना मॉरिशसला राहायचंय, म्हणून मी मॉरिशस वाचलं

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे तीन गोष्टी आठवतात. पहिली, हनिमून पॅकेज. निळं पाणी, पांढरी वाळू आणि नवरीच्या हातावरची अजून न उतरलेली मेंदी. दुसरी, शेअर बाजाराच्या बातम्यांमधला 'मॉरिशस रूट'. भारत आणि मॉरिशसच्या १९८२च्या करकरारामुळे कितीतरी परदेशी पैसा या बेटाला वळसा घालून आपल्या बाजारात यायचा. २०१६ मध्ये करार बदलला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. तिसरी, 'छोटा भारत'. हा मॉरिशस मुख्यतः भाषणांमध्ये भेटतो. पाहुणे जातात, पुतळ्याला हार घालतात, 'सातासमुद्रापार आपली संस्कृती' असं म्हणतात आणि संध्याकाळच्या विमानानं परत येतात.

या तिन्ही मॉरिशसांमध्ये कुणीही म्हातारं होत नाही, हे तुमच्या लक्षात आलंय का? जोडपं सहा दिवसांनी परततं. पैसा तर काही सेकंदच थांबतो. पाहुण्यांचं तर विचारूच नका.

आता गेल्या काही वर्षांत चौथा मॉरिशस तयार होतोय. पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसानं दरमहा दीड-दोन हजार डॉलर बाहेरून आणण्याची तयारी दाखवली, तर तिथलं सरकार त्याला दहा वर्षं राहण्याचा परवाना देतं. त्याचं नाव 'रिटायर्ड नॉन-सिटिझन', म्हणजे निवृत्त अ-नागरिक. ठरवून दिलेल्या गृहप्रकल्पांत पावणेचार लाख डॉलरचं घर घेतलं, तर राहण्याचा हक्क घरासोबतच येतो. युट्यूबवर याचे व्हिडिओ ढिगानं आहेत. खर्च किती, हवा कशी, भाडं काय, टॅक्स किती वाचतो. बहुतेक व्हिडिओंत एक गोरं जोडपं बाल्कनीत बसून कॉफी पितं आणि मागे समुद्र हलत असतो.

हा लेख या मजकुराबद्दल आहे. एखाद्या देशाबद्दल जे लिहिलं, बोललं, छापलं जातं ते वाचून तिथं आयुष्याची शेवटची वीस-पंचवीस वर्षं काढायचं ठरवता येतं का, याबद्दल. हा प्रश्न मला माझ्या अभ्यासातून सुचला असता तर बरं झालं असतं. तो घरातून आला.

आम्ही घोटावड्याचे. पौड रस्त्यावरून घोटावडे फाट्याला आत वळलं की आमचं गाव. पलीकडे माणमार्गे गेलं की हिंजवडीच्या काचेच्या इमारती. तात्या, म्हणजे माझे वडील, पिरंगुटच्या एका कारखान्यातून लवकर निवृत्त झाले. रस्त्याकडेची थोडी जमीन विकली. भाताची दोन खाचरं ठेवली. लांबच्या नात्यातला एक मुलगा मॉरिशसमध्ये हॉटेलात नोकरीला आहे. तो गणपतीला आला तेव्हा त्यानं तात्यांना फोनवर फोटो दाखवले. त्यानंतर तात्यांच्या फोननं त्यांना मॉरिशसशिवाय दुसरं काही दाखवलेलं नाही. तुम्हालाही माहीत आहे, एकदा एक व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला की काय होतं ते. दिवाळीच्या सुमारास ते मला म्हणाले, "तू एवढी पुस्तकं वाचतेस, शिकवतेस. हा देश नेमका कसाय ते बघ की जरा."

मी तासिका तत्त्वावर साहित्य शिकवते. देश कसा आहे ते मला कळत नाही. देशाबद्दलचं लिहिणं कसं आहे ते थोडंफार कळतं. तेव्हा तेच केलं.

सुरुवात मराठीपासून करावी म्हटलं, तर आपलं प्रवासवर्णन इथं फारसं उपयोगी पडत नाही. याचा अर्थ ते वाईट आहे असा अजिबात नाही. 'अपूर्वाई' आणि 'पूर्वरंग' वाचून आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी जग पाहिलं. पण या प्रकाराचा सगळा विनोद आणि सगळी हळहळ एका गृहीतावर उभी असते: आपण परत जाणार आहोत. परतीचं तिकीट खिशात आहे म्हणून तिथला विक्षिप्त वेटर गमतीशीर वाटतो. त्याच वेटरच्या शेजारी वीस वर्षं राहायचं असेल तर तो गमतीशीर राहत नाही, तो शेजारी होतो. मीना प्रभूंचं 'माझं लंडन' मला म्हणूनच वेगळं वाटतं. त्या पुढे जगभर फिरल्या, पण त्या पुस्तकातलं शहर त्या राहत असलेलं शहर आहे आणि शीर्षकातलं 'माझं' हे राहून कमावलेलं आहे. मॉरिशसबद्दल असं 'माझं' म्हणणारं पुस्तक तात्यांच्या हातात देण्यासाठी मला मराठीत सापडलं नाही.

म्हणून बाहेरच्या लेखकांकडे गेले. पहिला मार्क ट्वेन. तुम्ही मॉरिशसची कुठलीही जाहिरात बघा, ट्वेनचा दाखला हमखास भेटतो: देवानं आधी मॉरिशस घडवलं आणि मग त्याच्यावरून स्वर्ग. टी-शर्टवर, हॉटेलच्या भिंतीवर, व्हिडिओच्या पहिल्या दहा सेकंदांत. मूळ पुस्तक १८९७चं, 'फॉलोइंग द इक्वेटर'. कर्जात बुडालेला ट्वेन व्याख्यानं देत जगभर फिरत होता, मुंबई-कलकत्ता करून एप्रिल १८९६ मध्ये मॉरिशसला उतरला. ते पान उघडलं की कळतं, हे त्याचं मत नाहीच. तो सांगतो की इथला एक माणूस मला असं म्हणाला. आणि लगेच पुढे सांगतो की दुसरा म्हणाला, हे जरा जास्तच होतंय. म्हणजे स्थानिकांच्या बढाईची त्यानं केलेली ती थट्टा आहे. सव्वाशे वर्षं एक देश त्या थट्टेचा अर्धाच भाग प्रमाणपत्रासारखा गळ्यात घालून फिरतोय. दुसऱ्या माणसाचं वाक्य कुणी टी-शर्टवर छापत नाही.

त्याच १८९६ साली, असं मॉरिशसमधले मराठी लोक सांगतात, त्या बेटावर एका मराठी घरात पहिल्यांदा गणपती बसला. टिळकांनी पुण्यात उत्सव सार्वजनिक केला त्यानंतर तीनच वर्षांनी. आज गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. ट्वेनला यातलं काही दिसणं शक्य नव्हतं. पण त्या एका वर्षात त्या बेटावर दोन प्रकारची माणसं होती हे खरं: वाटेत थांबलेली आणि कायमची राहिलेली. लिहिलं कुणी, तर वाटेत थांबलेल्यानं.

दुसरा, व्ही. एस. नायपॉल. हा तर गिरमिटियांचाच वंशज, फक्त दुसऱ्या बेटावरचा, त्रिनिदादचा. १९७२ मध्ये त्यानं मॉरिशसवर एक दीर्घ निबंध लिहिला, 'द ओव्हरक्राउडेड बॅराकून'. बॅराकून म्हणजे गुलामांना जहाजात चढवण्याआधी कोंडून ठेवायची बराक. शीर्षकातच निकाल दिलेला. मलेरिया गेला, माणसं जगू लागली, लोकसंख्या वाढली, ऊस सोडून काही पिकत नाही, नोकऱ्या नाहीत, तरुणांना काहीही करून इंग्लंडला जाऊन नर्स व्हायचंय. निबंध जबरदस्त आहे, हे मान्य करायलाच हवं. त्याची नजर कशावरूनही घसरत नाही. बोलणाऱ्या माणसाचा अवघडलेपणा तो दोन ओळींत पकडतो.

आणि तरी तो चुकला. त्याच्या आधी १९६१ मध्ये जेम्स मीड नावाच्या अर्थतज्ज्ञानं, ज्याला पुढे नोबेल मिळालं, या देशाचं भवितव्य असंच अंधारं सांगितलं होतं. प्रत्यक्षात १९६८च्या स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच निर्यातीसाठी कापड शिवणारे कारखाने आले, मग पर्यटन, मग बँका आणि कंपन्यांची कार्यालयं. २०२० मध्ये जागतिक बँकेनं मॉरिशसला उच्च उत्पन्नाच्या देशांत टाकलं. करोनानं लगेच खालीही आणलं, ते वेगळं. नायपॉलची 'खच्चून भरलेली बराक' आज कामगार मिळत नाहीत म्हणून बांगलादेश, नेपाळ, मादागास्कर आणि भारतातून माणसं आणते. आमच्या नात्यातला मुलगा त्यातलाच एक.

नायपॉल चुकला ते आकड्यांमुळे नव्हे असं मला वाटतं. तोही थांबलेलाच होता. थांबलेल्या माणसाला त्या दिवसाचा देश दिसतो. ट्वेनला तो मजेशीर दिसला, नायपॉलला संपलेला. आज बाल्कनीत कॉफी पिणाऱ्या जोडप्याला तो स्वस्त आणि शांत दिसतो. रंग वेगळा, पण मुक्काम तेवढाच.

आता तो परवाना. साहित्याच्या माणसानं सरकारी कागद वाचू नये असं कुठं लिहिलंय? मला तो आतापर्यंतच्या सगळ्या मजकुरांत जास्त प्रामाणिक वाटला. काव्य नाही, स्वर्ग नाही. वय, रक्कम, मुदत. तुम्ही पैसे आणायचे, खर्च करायचे, इथं नोकरी करायची नाही. पण 'निवृत्त अ-नागरिक' हा शब्द वाचताना मला त्याच बेटावरचा दुसरा एक शब्द आठवत राहिला: 'ओल्ड इमिग्रंट'.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. गुलामगिरी संपल्यावर मळेवाल्यांना मजूर हवे होते म्हणून १८३४ पासून भारतातून करारावर माणसं आणायला सुरुवात झाली. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत सुमारे साडेचार लाख. कलकत्ता आणि मद्रासहून जास्त. मुंबई बंदरातून त्यामानानं कमी, आणि त्यात रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर भागातले मराठी. पोर्ट लुईच्या धक्क्यावर ती माणसं ज्या पायऱ्या चढून गेली त्या आजही आहेत. २००६ पासून तो 'आप्रवासी घाट' जागतिक वारसा आहे. ज्याचा करार संपला, जो आता कुणाचा बांधील मजूर नाही, तो 'ओल्ड इमिग्रंट'. आजच्या भाषेत सांगायचं तर निवृत्त. १८६७च्या कायद्यानं या निवृत्त माणसानं कायम जवळ एक तिकीट बाळगायचं ठरवलं, त्यावर स्वतःचा फोटो. आपल्या जिल्ह्याबाहेर जायचं तर पोलिसांचा पास. कागद जवळ नसला की भटक्या म्हणून अटक. उद्देश उघड होता: सुटलेल्या माणसाला इतकं बेजार करायचं की तो पुन्हा करारावर सही करील.

हे सगळं आपल्याला कळतं ते एका अर्जामुळे. १८७१ मध्ये अशा जुन्या मजुरांनी गव्हर्नरला एक अर्ज दिला. ९,४०१ जणांच्या सह्या-अंगठे. लिहून देणारा होता ॲडॉल्फ द प्लेव्हिट्झ नावाचा युरोपियन मळा-व्यवस्थापक. त्याबद्दल त्याला भर रस्त्यात मारहाण झाली. लंडनहून चौकशीसाठी रॉयल कमिशन आलं, १८७५ मध्ये अहवाल आला. मॉरिशसवरचं सगळ्यात महत्त्वाचं गद्य कुठलं असं मला कुणी विचारलं तर मी ट्वेन किंवा नायपॉलआधी या अर्जाचं नाव घेईन. कारण या बेटावर राहून म्हातारं होण्याबद्दल, तिथं म्हातारं होणाऱ्यांनी केलेलं ते पहिलं मोठं बोलणं आहे. त्यांना स्वर्गाबद्दल काही म्हणायचं नव्हतं. रस्त्यानं चालू द्या, एवढंच मागणं होतं.

ते तिकिटांवरचे फोटो मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेच्या संग्रहात जपलेले आहेत. त्यातले काही छापलेले मी पाहिले. समोर बघणारी, न हसणारी माणसं. कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच आणि नाइलाजानं उभी राहिलेली.

मी हे तात्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "त्यांना हाकलायला बघत होते, मला बोलावतायत. सारखं कसं होईल?" बरोबर आहे. सारखं नाहीच. पण दोन्ही कागदांत प्रश्न एकच विचारलाय: काम संपलेल्या माणसाचा आम्हाला उपयोग काय? १८६७ मध्ये उत्तर होतं, पुन्हा कामाला लावणं. आज उत्तर आहे, त्याचे डॉलर. आणि उत्तर सोयीचं असेपर्यंतच परवाना असतो.

हे मी ओढूनताणून म्हणत नाहीये. मॉरिशसमध्ये अनेक दशकं साठीनंतर प्रत्येक नागरिकाला सरकारी पेन्शन मिळत आलंय. कारखान्यात काम केलेलं असो वा नसो. गरीब देशांत असं फार कमी ठिकाणी होतं आणि तिथल्या माणसांना त्याचा अभिमान आहे. जून २०२५च्या अर्थसंकल्पात सरकारनं जाहीर केलं की हे वय टप्प्याटप्प्यानं साठवरून पासष्टवर नेणार. मुलं कमी होतायत, म्हातारे वाढतायत, तिजोरी पुरत नाही. लोक रस्त्यावर उतरले. म्हणजे परदेशी माणसाला पन्नाशीत निवृत्त व्हायला बोलावणारा देश स्वतःच्या उसाच्या शेतातल्या, शिलाईच्या कारखान्यातल्या बाईला म्हणतोय, अजून पाच वर्षं थांबा. त्या बाल्कनीतल्या व्हिडिओंमध्ये या बातमीला जागा नसते.

इथं मला घोटावड्याबद्दल बोलावंच लागेल, कारण निवृत्तीचं ठिकाण होणं म्हणजे काय हे आम्हाला आतल्या बाजूनं माहीत आहे. पिरंगुटपासून पौडपर्यंत आणि इकडे रिह्याच्या खोऱ्यापर्यंत रस्त्याकडेला बोर्ड आहेत. डोंगरांच्या कुशीत. निसर्गाच्या सान्निध्यात. शहरापासून जवळ, गजबजाटापासून दूर. सेकंड होम, फार्महाऊस, ज्येष्ठांसाठी निवांत घरं. मी एका दुपारी यातले पंधरा-वीस बोर्ड उतरवून घेतले आणि मॉरिशसच्या गृहप्रकल्पांच्या पत्रकांशेजारी ठेवले. विशेषणं जवळजवळ तीच. समुद्राच्या जागी डोंगर घातला की झालं. आणि दोन्हीकडे चित्रात माणूस नाही. असलाच तर विकत घेणारा. आमच्या गावात बोर्डावर जी 'शांतता' आहे ती खाचर विकलेलं असल्यामुळे आहे. तिथं पूर्वी आवणीच्या वेळी केवढा कालवा असायचा.

याला मी शैलीचा दोष म्हणेन, नुसता जाहिरातीचा नाही. जागा रिकामी दाखवल्याशिवाय ती 'शोधता' येत नाही. मुळशीला हे शंभर वर्षं माहीत आहे. १९२१ मध्ये धरणासाठी खोरं बुडणार होतं तेव्हाही मुंबईच्या विजेच्या हिशेबात मावळे नव्हतेच. ते आहेत हे दाखवायला सेनापती बापटांसोबत सत्याग्रह करावा लागला.

मग मॉरिशसमधली भरलेली जागा कुठं वाचायची? तिथल्या कादंबऱ्यांत. मी दोन वाचल्या, मूळ फ्रेंच, इंग्रजीतून.

बार्लेन प्यामूतूची 'बेनारेस' (१९९९) आधी. नाव वाचून तात्या खुश झाले, काशी! मॉरिशसच्या दक्षिणेला खरंच बेनारेस नावाचं गाव आहे. गिरमिटियांच्या काळातलं नाव. आपल्याकडे निवृत्तीचं सर्वांत जुनं परगाव म्हणजे काशीच की. तिथं जाऊन देह ठेवायचा. प्यामूतूच्या बेनारेसमध्ये मात्र साखर कारखाना बंद पडलाय आणि माणसं नुसती थांबलीयत. दोन मित्र पोर्ट लुईला जातात, दोन वेश्यांना घेऊन रात्री गाडीनं गावाकडे परत येतात. बस, एवढीच गोष्ट. गाडीत बोलणं चालतं, खिडकीबाहेर अंधारात ऊस. कुणी रडत नाही, कुणी भाषण देत नाही. वाचताना सारखं वाटतं की आता काहीतरी भयंकर घडणार, आणि घडत नाही. हे न घडणंच त्या गावाचं आयुष्य आहे. कारखाना बंद झाल्यावर संध्याकाळी चौकात बसणारी माणसं मी पिरंगुटला पाहिलीयत. त्यामुळे या कादंबरीचा आवाज मला ओळखीचा वाटला.

आनंदा देवी यांची 'ईव्ह आउट ऑफ हर रुइन्स' (मूळ २००६) याच्या उलट, तापलेली. पोर्ट लुईच्या कडेची एक गरीब वस्ती, चार किशोरवयीन मुलं, आणि शरीर हेच चलन झालेली ईव्ह. मला ती कधीकधी जास्त सजवलेली वाटली. वस्तीतला मुलगा इतकं कवितेसारखं सतत बोलतो की मागे लेखिका दिसते. पण पर्यटकांच्या मॉरिशसला तिनं दिलेला धक्का खरा आहे. समुद्र या कादंबरीतही आहे. फक्त तो कुणाच्या बाल्कनीतून दिसत नाही.

या दोन पुस्तकांनी जे केलं ते शंभर व्हिडिओंनी केलं नाही: मला तो देश आवडायला लागला. तिथं भांडणं आहेत, कंटाळा आहे, बंद पडलेले कारखाने आहेत, पेन्शनसाठी मोर्चे आहेत. म्हणजे तो देश आहे.

राहता राहिले तिथले मराठी. लोकसंख्येत दोन टक्क्यांच्या आसपास. १९६० पासून त्यांचं मराठी मंडळी फेडरेशन आहे, १९९१ मध्ये तिथं जागतिक मराठी परिषद भरली, शाळेत मराठी विषय घेता येतो, २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा बसला तेव्हा आपले तेव्हाचे उपमुख्यमंत्री गेले होते. कोकणातली जाखडी तिथं 'झाकरी' होऊन टिकलीय. घरात मात्र बहुतेक जण क्रेओल बोलतात. कारकुनानं पूर्वजाचं जे नाव जसं ऐकलं तसं रोमन लिपीत लिहिलं, तेच पुढे आडनाव झालं. आपल्याकडच्या लेखांत यांचा उल्लेख नेहमी दोनच सुरांत येतो: 'अजून मराठी जपलंय' म्हणून कौतुक किंवा 'आता मराठी येत नाही' म्हणून हळहळ. दोन्हींत आपण परीक्षक आणि ते परीक्षार्थी. पावणेदोनशे वर्षांत त्यांनी नवी भाषा घडवण्यात वाटा घेतला, देश चालवला, हे आपल्या गुणपत्रिकेत बसत नाही. तात्यांनाही आधी वाटत होतं की तिथं आपली माणसं आहेत, सोपं जाईल. मी म्हटलं, "तात्या, ते तुमच्याशी क्रेओलमध्ये बोलतील. आणि तुम्ही गेलात तर तुम्ही त्यांच्यासाठी नव्या प्रकल्पातले परदेशी."

तात्या गप्प बसले नाहीत. "मग क्रेओल शिकीन," म्हणाले. "हिंजवडीतल्या पोरांशी हिंदी शिकलोच ना."

आईचे प्रश्न वेगळे होते आणि मला ते समीक्षेपेक्षा सरस वाटले. तांदूळ कुठून येतो? बाहेरून, ते बेट बहुतेक अन्न आयातच करतं. आजारी पडलं तर? सरकारी दवाखाने नागरिकांना फुकट आहेत, आपल्याला विमा काढून खासगीत जावं लागेल. वादळं? नोव्हेंबर ते एप्रिल. शेजारी कोण? हा प्रश्न एकाही पत्रकात, एकाही व्हिडिओत नाही. प्यामूतूच्या कादंबरीत मात्र शेजाऱ्यांशिवाय दुसरं काही नाही.

माझं मत विचाराल तर: तात्यांनी जावं की नाही हे मी सांगणार नाही. दरमहा सव्वा ते पावणेदोन लाख रुपये तिकडे नेणं हा हिशेब त्यांचा आहे, तो त्यांनी आमच्या जमिनीतून आणलेला आहे. पण गृहप्रकल्पाच्या कुंपणाआड राहण्यापेक्षा एखाद्या गावात भाड्यानं घर घेऊन आधी एक पावसाळा काढावा, तिथला पावसाळा म्हणजे आपला हिवाळा. आणि जाण्याआधी काय वाचावं ते सांगेन. ट्वेन वगळला तरी चालेल. 'बेनारेस' पहिली, छोटी आहे, एका रात्रीत संपते. मग १८७१चा अर्ज, तो नेटवर सापडतो, भाषा जुनाट आहे पण कुठेही अडत नाही. आनंदा देवी त्यानंतर. नायपॉल सगळ्यात शेवटी, तिथं पोचल्यावर, दारात बसून. म्हणजे तो वर मान न करता जे लिहितो ते समोर आहे की नाही हे लगेच बघता येईल.